वर्दीची जखम कोण लिहितं?

सैनिकांवरची, पोलिसांवरची पुस्तकं मराठीत कमी नाहीत, आणि शौर्यकथेला वाचकही पक्का आहे. पण ड्यूटीवर जे पाहिलं त्याने झोप उडाली, घरात आरडाओरडा सुरू झाला, बाटली जवळची वाटू लागली, हे स्वतः लिहिणारा जवान किंवा हवालदार क्वचितच भेटतो.

लिहितात बहुधा मागे राहिलेल्या बायका. अनुराधा गोरे यांचा मुलगा कॅप्टन विनायक गोरे १९९५मध्ये काश्मीरमध्ये धारातीर्थी पडला. त्यानंतर आलेलं त्यांचं 'वारस होऊ अभिमन्यूचे' तरुणांशी बोलतं, आईचं दुःख मागे ठेवून. विनीता कामटे यांचं 'टू द लास्ट बुलेट' (२००९, विनीता देशमुख यांच्यासह) मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मुंबईवर हल्ला झाला त्या २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री कामा रुग्णालयाजवळ पोलीस अधिकारी असलेल्या नवऱ्याचं नेमकं काय झालं, हे त्यांनी माहितीचा अधिकार वापरून पोलिसांच्याच नोंदींमधून शोधलं. शोक करायलाही आधी खरं काय ते कळावं लागतं. 'वीरपत्नी' म्हणून व्यासपीठावर बसवलेल्या बाईने असे प्रश्न विचारणं आपल्याकडे फारसं खपत नाही, हेही त्यातून दिसलं. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचं १९६२च्या पराभवावरचं पुस्तक वेगळ्या वळणाचं, युद्धेतिहासाचं. त्याचं नाव मात्र बोलकं आहे: 'न सांगण्याजोगी गोष्ट'.

लिहिण्याने मन हलकं होतं असं आपण सहज म्हणतो. अमेरिकेत जेम्स पेनीबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६मध्ये विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत वाईट प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. लिहून उठल्यावर त्यांना अधिकच वाईट वाटलं. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. ते लेखन छापायचं नव्हतं. आपल्या प्रेरणादायी आत्मकथनात वाचक पहिल्या ओळीपासून समोर बसलेला असतो आणि त्याची छाती फुगवायची असते. तिथे रडायला जागा कुठून मिळणार?

सोसलेलं बोलून दाखवण्याचा याहून जुना दाखला पालघर जिल्ह्यात आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जमीनदाराकडे जन्मभर राबणारा वारली आदिवासी, 'लग्नगडी', १९४५च्या सुमारास किसान सभेच्या बैठकांत तोंड उघडू लागला. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) त्याच ऐकण्यातून आलं. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, योग्यच झालं. तिथेही लेखणी वारल्याच्या हातात नव्हती, पण त्याचं ऐकून घेणारं माणूस होतं आणि चारचौघांत बोलण्याचं बळ त्याला त्या सभेने दिलं होतं.

याच जिल्ह्यातल्या सालवडला आज तेवढंही नाही. तारापूर एमआयडीसीच्या कुशीतलं हे गाव. ११ जानेवारी २०२०ला याच पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, आठ माणसं गेली. अशा वेळी मृतांचा आकडा आणि भरपाईची रक्कम छापून येते. ढिगारा उपसणारा अग्निशामक जवान, शेजारच्या प्लांटमधून धावत आलेला ठेक्यावरचा कामगार यांच्या नावावर पंचनाम्यातला जबाब तेवढा जमा होतो, तोही दुसऱ्याच्या भाषेत. शब्दांकनाची परंपरा मराठीत चांगली रुजलेली आहे. डॉक्टर, नट, उद्योजक सगळ्यांनी तिचा फायदा घेतला. शेजारच्या बोईसरमधल्या कामगारांच्या खोल्यांमधून हे काम कुणी करायचं ठरवलं, तर त्याला मराठीबरोबर भोजपुरीही समजावी लागेल, आणि रात्रपाळी सुटण्याच्या वेळेला तिथे हजर राहावं लागेल.