सर्व्हरांचे एकीकरण आणि सरासरीचा भ्रम

संगणक-कक्षातील दहा सर्व्हर काढून टाकावेत, त्यांच्या जागी एकच समर्थ यंत्र बसवावे आणि दहांची कामे त्या एकावर दहा आभासी यंत्रे निर्माण करून चालवावीत, ही कल्पना आता सर्वत्र रूढ झाली आहे. नागपुरात उन्हाळ्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो. यंत्रांच्या विजेखेरीज कक्ष थंड राखण्याचीही वीज मोजावी लागते. अशा ठिकाणी या कल्पनेचे आकर्षण अधिक वाटावे, हे स्वाभाविकच होय. परंतु तिच्या समर्थनार्थ सामान्यतः जो हिशेब मांडला जातो, तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या विद्येचा पाया जुना आहे. आयबीएमने 1972 साली व्हीएम/370 ही प्रणाली जाहीर केली आणि 1974 साली जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी आपल्या निबंधात आभासी यंत्राचे तीन निकष निश्चित केले. प्रोग्रॅमचे वर्तन मूळ यंत्रावरील वर्तनाशी समान असावे, बहुतेक आज्ञा प्रोसेसरने मध्यस्थाविना पार पाडाव्यात आणि सर्व साधनसामग्रीवर नियंत्रण हायपरव्हायझरचेच राहावे, असे ते निकष होत. इंटेलचे प्रोसेसर दीर्घकाळ या कसोटीस उतरत नव्हते. पेन्टियममधील 17 आज्ञा आड येतात, असे 2000 साली रॉबिन व अर्व्हाइन यांनी दाखविले. व्हीएमवेअरने 1999 पासून ही उणीव सॉफ्टवेअरच्या युक्तीने झाकली होती. 2005-06 मध्ये इंटेल व एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच तशी सोय केली आणि एकीकरणाचा मार्ग प्रशस्त झाला.

मात्र पोपेक व गोल्डबर्ग यांनी समानतेच्या निकषाला एक अपवाद जोडला होता, तो बहुधा विसरला जातो. वेळेचा फरक आणि साधनांची उपलब्धता या दोन गोष्टी त्यांनी समानतेच्या बाहेर ठेवल्या. प्रोग्रॅमचे उत्तर तेच येईल; ते केव्हा येईल, याची हमी सिद्धान्त देत नाही. एकीकरणाचा खरा प्रश्न नेमका या अपवादातच दडलेला आहे.

उदाहरणादाखल, सरासरी 10 टक्के भार असलेले दहा सारखे सर्व्हर घ्यावेत. रिकामा सर्व्हरही पूर्ण भाराच्या सुमारे निम्मी वीज खातो, हे बारोसो व होल्झ्ले यांनी 2007 साली निदर्शनास आणले. पूर्ण भाराची वीज 100 मानली आणि ती भारासरशी सम प्रमाणात वाढते असे धरले, तर दहा यंत्रांना 550 एकक वीज लागेल. सारे काम तशाच एका यंत्रावर आणले, तर 100 पुरेल. बचत 80 टक्क्यांहून अधिक! आता प्रत्येकाचा कमाल भार 40 टक्के असून तो सर्वांवर एकाच वेळी येतो, असे समजावे. मग चार यंत्रे लागतील. एखादे बंद पडल्यास हाताशी असावे म्हणून पाचवे. या पाचांना सरासरी भाराच्या वेळी 300 एकक वीज लागेल. बचत सुमारे 45 टक्क्यांवर येते. ती अल्प नव्हे; परंतु आश्वासन दिले होते ते हे नव्हे.

कमाल भार एकाच वेळी येतो, ही कल्पना अतिशयोक्त मानण्याचे कारण नाही. वेतनपत्रके महिनाअखेरीस, ग्रंथालयाचे व्यवहार दिवसा आणि प्रतिलेखन रात्री चालत असेल, तेथे सरासरीचा हिशेब बऱ्याच अंशी टिकतो. शिक्षणक्षेत्राची गोष्ट निराळी. नागपूर हा राज्य शिक्षण मंडळाच्या नऊ विभागांपैकी एक. बारावीचा निकाल या सर्व विभागांत एकाच दिवशी ऑनलाइन जाहीर होतो. पाठोपाठ महाविद्यालयांची प्रवेशप्रक्रिया येते. अर्ज, शुल्क आणि कागदपत्रांची पडताळणी यांचे सर्व्हर निरनिराळे असले, तरी त्यांच्यापुढील रांग त्याच विद्यार्थ्यांची असते. हा काळ सामान्यतः मे-जूनचा, म्हणजे विदर्भातील ऐन उन्हाळ्याचा. कामाचा भार आणि शीतयंत्रावरील ताण हातात हात घालून वाढतात. शिवाय पूर्वी दहा यंत्रांत विखुरलेली उष्णता आता थोड्या जागेत साठते.

दुसरा मुद्दा अपघाताचा. पूर्वी एक यंत्र बंद पडले, तर एक काम अडत असे. आता एकासरशी अनेक अडतात. कामे दुसऱ्या यंत्रावर आपोआप सुरू करण्याची सोय आहे, पण तेथे जागा राखून ठेवली असेल तरच ती उपयोगी. ही राखीव जागा म्हणजे वायफळ खर्च, असे समजून ती काढून घेणे हा एकीकरणाच्या व्यवहारातील सर्वांत मोठा दोष म्हणावा लागेल.

तात्पर्य, दोष आभासीकरणाच्या तंत्रात नाही. तो मोजमापात आहे. एका यंत्रात किती यंत्रे सामावली, हा प्रश्न गौण होय. वर्षातील सर्वांत कठीण दिवशी, सर्वांत तप्त दुपारी आणि एक यंत्र बंद असताना उरलेली किती काम पेलतील, हाच मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर देऊन जी बचत शिल्लक राहील, तीच खरी. प्रवेशाची मुदत संपत आली असता पडद्याकडे डोळे लावून बसलेल्या विद्यार्थ्याला सरासरीचा काहीच उपयोग नसतो.