नाम आणि निदान : फुप्फुसाच्या तीन विरळ अर्बुदांची परिभाषा

रोगाच्या नावात बहुधा त्याच्या उगमाविषयीचे एक विधान दडलेले असते. विधान चुकीचे ठरले तरी नाव टिकते. विरळ रोगाच्या बाबतीत तर फारच टिकते, कारण ते पडताळण्याजोगे रुग्णच थोडे. विकृतिशास्त्रज्ञ अ‍ॅव्हेरिल लीबो यांच्याशी निगडित असलेली तीन नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत.

१९५६ मध्ये लीबो व हबेल यांनी एका अर्बुदास ‘स्क्लेरोझिंग हिमँजिओमा’, म्हणजे काठिण्य पावणारे रक्तवाहिन्यांचे अर्बुद, असे म्हटले. त्यात रक्ताने भरलेल्या पोकळ्या दिसत. अनुमान अस्वाभाविक नव्हते. पुढील संशोधनाने मात्र या पेशींचे नाते वायुकोशांच्या अस्तराशी असल्याचे दाखविले. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ‘न्युमोसायटोमा’ हे नाव आले ते २०१५ मध्ये. डेल व लीबो यांनी १९७५ मध्ये वर्णिलेल्या दुसऱ्या अर्बुदाची गत नेमकी उलट झाली : नाव वायुकोशांचे दिले, आणि ते निघाले रक्तवाहिन्यांच्या अस्तराचे.

नाव सुधारल्याने निदान सुकर झाले, असे मात्र नव्हे. न्युमोसायटोमात पृष्ठावरील घनाकार आणि आतील गोल अशा दोन जातींच्या पेशी असतात. ‘टीटीएफ-१’ हे प्रथिन दोहोंत आढळते. फुप्फुसाच्या ग्रंथिल कर्करोगातही ते बहुधा आढळतेच. केरॅटिन मुख्यतः पृष्ठपेशींत. सुईने काढलेल्या तुकड्यात एकच जात आली, तर परीक्षकाची फसगत होते. शस्त्रक्रिया चालू असताना गोठवून कापलेल्या चकतीवरून निर्णय द्यावयाचा असेल, तर विचाराला काही मिनिटेच मिळतात. तेथे ‘कर्करोग’ असे चुकीचे उत्तर गेल्यास सौम्य गाठीपायी फुप्फुसाचा संपूर्ण खंड गमावण्याची पाळी येते.

लीबो यांस दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नव्हे. त्यांचे नामकरण चुकले, वर्णन चुकले नाही. म्हणूनच उत्तरकालीन अभ्यासकांना तेच अर्बुद पुन्हा ओळखता आले. लीबो व कॅसलमन यांनी १९६३ मध्ये नोंदविलेल्या तिसऱ्या अर्बुदास ‘शुगर ट्यूमर’ हे नाव रूढ झाले. पेशींत ग्लायकोजेन भरलेले असते, एवढेच ते सांगते. परिभाषाकारांस हे नाव काहीसे घरगुती वाटेल. परंतु अर्बुदाचे कुल पुढे नव्याने ठरले, तेव्हा ते खोटे पडले नाही. मराठी प्रतिशब्द घडविणाऱ्यांनी हा भेद ध्यानी घ्यावयास हवा. पहिल्या अर्बुदास ‘रक्तवाहिन्यार्बुद’ म्हटले असते, तर शब्दाबरोबर चूकही मराठीत आली असती.