आलेफ की वाव? : ज्यू परंपरा आणि इतरांचा परलोक

जे आपले नाहीत, त्यांचे मेल्यानंतर काय होते? हा प्रश्न कोणत्याच धर्माला फार काळ टाळता आलेला नाही. ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरांची उत्तरे मराठी वाचकाला निदान ढोबळपणे ठाऊक असतात. ज्यू परंपरेचे उत्तर मात्र आपल्याकडे बहुधा एका वाक्यात उरकले जाते : ज्यू स्वतःला देवाने निवडलेले लोक मानतात, तेव्हा त्यांच्या स्वर्गात इतरांना जागा कुठली! याच्या नेमके उलट, ज्यू धर्म सर्व सज्जनांना स्वर्ग देतो असे सांगणारे लेखनही भेटते. दोन्ही विधानांत सत्याचा अंश आहे, आणि दोन्ही विधाने मूळ ग्रंथ न उघडताही करता येतात. म्हणून या लेखात मी बाराव्या शतकातले एक वाक्य मध्यभागी ठेवून त्याच्या मागेपुढे पाहणार आहे. त्या वाक्याचा अर्थ हिब्रूतल्या एका अक्षरावर अडला आहे, आणि ते अक्षर कोणते याबद्दल काही शतके वाद चालू आहे.

आधी शब्दांची अडचण दूर करायला हवी. आपला 'मोक्ष' म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. मराठी बायबलमधून रुळलेले 'तारण' म्हणजे पापातून सुटका. ज्यू ग्रंथांत या प्रश्नासाठी येणारा शब्द वेगळा आहे : 'ओलाम हाबा', म्हणजे येणारे जग. या जगात माणसाला 'खेलेक' असतो, म्हणजे हिस्सा. वडिलोपार्जित जमिनीत वाटा असावा तशी ही कल्पना आहे. वाटा वागणुकीने गमावता येतो, पण तो मुळात असतो. मिश्ना या प्राचीन संहितेने हा वाटा सर्व इस्राएलाला दिला आणि तो गमावणाऱ्यांची यादीही जोडली. तेव्हा खरा प्रश्न असा, की या वाटणीत भाऊबंदांबाहेरच्या माणसाचे नाव आहे का?

दोन रब्बींचा वाद

या प्रश्नाची सर्वांत जुनी स्पष्ट नोंद 'तोसेफ्ता' या संग्रहात, सनहेद्रिन भागाच्या तेराव्या अध्यायात आहे. रब्बी एलिएझर आणि रब्बी यहोशुआ एका स्तोत्राच्या ओळीवर वाद घालतात. देवाला विसरणारी राष्ट्रे अधोलोकात जातील असा त्या ओळीचा आशय आहे. एलिएझर यातून निष्कर्ष काढतात, की परराष्ट्रीयांपैकी कोणालाच वाटा नाही. यहोशुआ त्याच ओळीवर बोट ठेवतात : ओळ सर्वांबद्दल नाही, विसरणाऱ्यांबद्दल आहे. म्हणजे न विसरणारेही असणार, आणि अशा सज्जनांना वाटा आहे. पुढच्या परंपरेने एकंदरीत यहोशुआंचे मत उचलले.

सज्जन कोणाला म्हणायचे? तालमुदाने उत्तर दिले : नोहाच्या वंशजांना, म्हणजे अखिल मानवजातीला, सात आज्ञा आहेत. मूर्तिपूजा, देवनिंदा, मनुष्यहत्या, निषिद्ध शरीरसंबंध आणि चोरी यांपासून दूर राहावे, जिवंत प्राण्याचा अवयव तोडून खाऊ नये, आणि न्यायालये स्थापावीत. ज्यू माणसावर ६१३ आज्ञांचे ओझे, इतरांवर सातांचे. ज्यू होण्याची गरज नाही. धर्मांतराची मोहीम या परंपरेत सहसा का दिसत नाही, याचे एक कारण इथे आहे : दुसऱ्याला वाचवण्यासाठी त्याला आपल्यात ओढावे लागत नाही.

ज्याने सोसले, त्याचा निवाडा

मुसलमानांचा प्रश्न या चौकटीत शिरला तो मुख्यतः मायमॉनिडिसमुळे. त्याचा जन्म ११३८ च्या सुमारास स्पेनमधल्या कोर्दोबात झाला. तो मुलगा असताना अल्मोहाद राजवट आली आणि ज्यूंपुढे धर्मांतर किंवा देशत्याग एवढेच उरले. कुटुंब भटकत फेझला गेले, तिथून पॅलेस्टाइन आणि शेवटी इजिप्त. तिथे तो दरबाराचा वैद्य झाला आणि १२०४ मध्ये वारला. मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा एक धागाही या आयुष्यात आहे. त्याचा भाऊ दावीद व्यापारासाठी भारताकडे निघाला असता समुद्रात बुडाला, आणि त्या दुःखाने मायमॉनिडिस सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळला होता.

११७२ मध्ये येमेनच्या ज्यूंवर सक्तीच्या धर्मांतराचा प्रसंग आला, तेव्हा त्याने त्यांना धीर देणारे पत्र लिहिले. त्यात इश्माएलच्या वंशजांइतका छळ आमचा कोणीच केला नाही, अशा अर्थाचे कडवट उद्गार आहेत. याच माणसाला ओबद्या नावाच्या, धर्मांतर करून ज्यू झालेल्या गृहस्थाने एक प्रश्न पाठवला. मुसलमान मूर्तिपूजक नाहीत असे मी म्हणालो, तर माझ्या गुरूने मला मूर्ख ठरवले, आता मी काय समजावे?

मायमॉनिडिसचे उत्तर निःसंदिग्ध आहे. मुसलमान मूर्तिपूजक मुळीच नाहीत, देवाचे एकत्व ते निर्दोषपणे मानतात. काबा पूर्वी मूर्तींचे स्थान होते हे खरे असले, तरी आज तिथे नमणाऱ्यांचे मन देवाकडेच असते. ते आमच्याविषयी खोटे बोलतात म्हणून आम्हीही त्यांच्याविषयी खोटे बोलावे, हे आम्हाला शोभत नाही. आणि परक्या माणसाला असे दुखावल्याबद्दल गुरूने ओबद्याची क्षमा मागितली पाहिजे.

परधर्माविषयीच्या मध्ययुगीन लेखनात या उत्तराला तोड क्वचितच सापडेल. लिहिणाऱ्याकडे राग धरायला भरपूर कारण होते. त्याने तो राग राजवटीविरुद्धच्या पत्रात ठेवला आणि धर्मनिर्णयात येऊ दिला नाही.

ते वाक्य

मग मुसलमानांचा वाटा निश्चित झाला का? इथे आपण 'मिश्ने तोरा' या त्याच्या महाग्रंथातल्या राजधर्माच्या प्रकरणाकडे येतो. आठव्या अध्यायाच्या अखेरीस तो म्हणतो, की सात आज्ञा स्वीकारून काळजीपूर्वक पाळणारा माणूस परराष्ट्रीयांमधला धर्मशील होय आणि येणाऱ्या जगात त्याला वाटा आहे. पण लगेच एक अट येते : देवाने तोरात तसे सांगितले आणि मोशेमार्फत कळवले, म्हणून त्याने त्या पाळल्या पाहिजेत. केवळ बुद्धीला पटले म्हणून पाळत असेल, तर तो धर्मशील नव्हे... आणि इथे ते अक्षर येते. छापील प्रतींत 'वेलो' आहे : त्यांच्या ज्ञान्यांपैकीही नव्हे. अनेक हस्तलिखितांत 'एला' आहे : तर त्यांच्या ज्ञान्यांपैकी आहे. पहिले अक्षर वाव की आलेफ, एवढाच फरक. वावमुळे विचारी माणूस दोन्ही पदव्या गमावतो, आलेफमुळे एक त्याच्याकडे राहते.

छापील पाठाचे परिणाम लहान नव्हते. स्पिनोझाने १६७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या पाचव्या प्रकरणात हाच उतारा टीकेसाठी घेतला. शंभर वर्षांनी तो मोझेस मेंडेल्सोनच्या वाट्याला आला. १७६९ मध्ये लावाटर या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने बर्लिनच्या या ज्यू तत्त्वज्ञाला जाहीर आव्हान दिले, की ख्रिस्ती धर्माचे पुरावे खोडून काढ किंवा तो स्वीकार. मेंडेल्सोनचे उत्तर असे, की माझा धर्म मला धर्मांतर करवायला सांगत नाही. एखादा कन्फ्यूशियस किंवा सोलोन आज भेटला, तर त्याच्यावर प्रेम करता येईल, त्याला ज्यू करण्याची कल्पना हास्यास्पद ठरेल. जगापुढे एवढे बोलून झाल्यावर मायमॉनिडिसची अट त्याला अधिकच टोचू लागली असावी. कन्फ्यूशियसला मोशे कुठून ठाऊक असणार? १७७३ मध्ये त्याने याकोब एम्डेन या ज्येष्ठ रब्बींना हिब्रूत पत्र लिहून विचारले, की आमच्याखेरीज पूर्वेपासून पश्चिमेपर्यंतची सारी माणसे नाशालाच जाणार काय? एम्डेन तसे उदार होते, ख्रिस्ती आणि इस्लामी धर्मांबद्दल त्यांनी चांगले लिहिले होते. तरीही या अटीबाबत ते मायमॉनिडिसच्याच बाजूने उभे राहिले.

आजचे बरेच अभ्यासक आलेफचा पाठ खरा मानतात, आणि तो सापडल्यावर प्रश्न सुटला असा सूर अनेकदा लागतो. माझा मतभेद इथे आहे. आलेफने विचारी परक्याला ज्ञानी म्हटले, पण वाटा ज्ञान्याला दिलेला नाही, धर्मशीलाला दिला आहे. शिवाय या वाक्याच्या अगदी आधीचा नियम सांगतो, की या सात आज्ञा स्वीकारण्याची सक्ती सर्व मानवांवर करावी. ही राजसत्तेची भाषा आहे, आणि ती डोळ्याआड करून पुढचे वाक्य तेवढे उचलणे प्रामाणिकपणाचे नाही. आलेफमुळे परक्याची प्रतिष्ठा वाचते. त्याच्या वाट्याचा प्रश्न होता तिथेच राहतो.

ही अट आली कुठून? सोळाव्या शतकातले थोर भाष्यकार योसेफ कारो म्हणतात, की हे मायमॉनिडिसने स्वतःच्या विचाराने लिहिले असावे, आणि ते बरोबर आहे. पुढे विसाव्या शतकात छापल्या गेलेल्या एका मिद्राशात तिच्याशी मिळतेजुळते विधान आढळले. पण तोसेफ्तातल्या यहोशुआंच्या तोंडी ही अट नाही. खुद्द मायमॉनिडिसच्या ग्रंथातही ती सगळीकडे नाही. पश्चात्तापाच्या प्रकरणात तो परराष्ट्रीय धर्मशीलांना बिनशर्त वाटा देतो. शेतीच्या सातव्या वर्षाच्या नियमांच्या अखेरीस तर तो लिहितो, की पृथ्वीवरचा कोणीही माणूस, ज्याचे मन त्याला देवाकडे वळवते, तो परमपवित्र होतो. तेव्हा या लेखकाचा मुसलमान कोणता, राजधर्मातला की शेतीच्या नियमांतला, हे वाचकाला ठरवावे लागते.

मुसलमानांच्या बाबतीत पेच आणखी बारीक आहे. मोशेला (त्यांच्या मूसाला) ते पैगंबर मानतात, म्हणून अट पूर्ण होते असे म्हणता येईल. पण आज हाती असलेला तोराचा पाठ मूळचा नाही, अशी त्यांची धारणा असते. याच कारणाने मायमॉनिडिसने एका निर्णयात ख्रिस्ती लोकांना तोरा शिकवायला परवानगी दिली, मुसलमानांना शिकवायला नाही. ख्रिस्ती लोकांना ग्रंथ मान्य, पण त्यांची उपासना त्याच्या मते मूर्तिपूजा. मुसलमानांची उपासना निर्मळ, पण त्यांना ग्रंथ अमान्य. दार एकच, आणि दोघे वेगवेगळ्या बिजागरीवर अडकलेले.

येमेनचा दुसरा आवाज

याच काळात येमेनमध्ये एका ज्यू विद्वानाने वेगळीच वाट काढली होती. नेथानेल अल-फय्यूमीचा 'बुस्तान अल-उकूल' (बुद्धीची बाग) हा ग्रंथ ११६५ च्या सुमारासचा. तो म्हणतो, की देव प्रत्येक लोकसमूहाकडे त्यांच्या भाषेत पैगंबर पाठवतो, आणि मुहम्मद अरबांकडे तसे पाठवलेले आहेत. आधाराला तो कुराणातली वचने घेतो. तोरा रद्द झाली असे तो मानत नाही. तोरा आमच्यासाठी कायम आहे, आणि त्यांचे शास्त्र त्यांच्यासाठी. ज्यांना मायमॉनिडिसचे ११७२ चे पत्र गेले, ते याकोब याच नेथानेलचे पुत्र मानले जातात. वडील मुहम्मदांना अरबांचे पैगंबर म्हणून गेले आणि मुलाच्या हयातीत मुसलमान राज्यकर्त्याने ज्यूंवर धर्मांतराची सक्ती केली. नेथानेलचे मत मुख्य प्रवाहात रुजले नाही, यात नवल नाही. त्याचा ग्रंथ छापून जगापुढे यायला १९०८ साल उजाडले.

माझ्या मते या दोघांमधला फरक हाच या चर्चेचा गाभा आहे. मायमॉनिडिस परक्याला आपल्या वाड्यात वाटा देतो, पण सातबारा मोशेच्या नावाचाच राहतो. नेथानेल मान्य करतो, की शेजाऱ्याचा स्वतःचा वाडा आहे आणि तोही त्याच धन्याने बांधून दिला आहे.

आणि आपण?

हे वाचणाऱ्या हिंदू वाचकाच्या मनात पुढचा प्रश्न येणारच. सातांतली पहिलीच आज्ञा मूर्तिपूजेविरुद्ध आहे. २००४ मध्ये रब्बी योसेफ शालोम एल्याशिव यांनी निर्णय दिला, की तिरुपतीला मुंडन करून दिलेले केस मूर्तीला अर्पण केलेले असल्याने त्यांचे टोप वापरू नयेत. ब्रुकलिनमध्ये असे टोप रस्त्यावर जाळले गेले. चारच वर्षांनी, २००८ मध्ये, जेरुसलेमला हिंदू आणि ज्यू धर्मनेत्यांची परिषद भरली. हिंदू एकाच परमतत्त्वाला मानतात आणि पूजेतल्या प्रतिमांनाच देव समजत नाहीत, अशा आशयाचे निवेदन तिथे निघाले. दोन्ही घटनांना आधार आहे. मध्ययुगीन फ्रान्सच्या भाष्यकारांपासून 'शितुफ' नावाची संकल्पना चालत आली आहे : एका देवाबरोबर इतर कोणाला जोडून पूजणे. हे ज्यूंना निषिद्ध, पण इतरांना तितके नाही, असा एक अर्थ त्यातून पुढच्यांनी लावला. चौदाव्या शतकाच्या आरंभी पेर्पिन्याँ येथे वारलेल्या मेइरीने आणखी पुढे जाऊन धर्मनियमांनी बांधलेल्या सर्व समाजांना जुन्या मूर्तिपूजकांपासून वेगळे काढले. विरुद्ध बाजूचा आवाजही तेवढाच जुना आहे. इतरांच्या आत्म्याचे मूळच हीन मानणारा गूढवादी विचार परंपरेत आहे. २००९ मध्ये इस्राएलमध्ये निघालेल्या 'तोरात हमेलेख' या पुस्तकाने तर याच सात आज्ञांच्या कायद्याचा उपयोग परक्याच्या जीवाची किंमत कमी करण्याकडे केला, आणि अनेक रब्बींनी त्याचा निषेध केला. परलोकाच्या वाटणीचा प्रश्न इहलोकातल्या जीवित-वित्तापर्यंत कसा पोचतो, याचा हा पुरावा आहे.

म्हणून 'ज्यू धर्म इतरांविषयी काय म्हणतो' या प्रश्नाला एक उत्तर देण्याचे मी टाळतो. एलिएझर आणि यहोशुआ एकाच पानावर छापले जातात आणि हरलेल्याचे मतही कोणी पुसत नाही. वाचणारा कोणाचा हात धरतो, यावर त्याच्या शेजाऱ्याचे बरेच काही अवलंबून असते. मला विचाराल, तर मी राजधर्मातल्या त्या वाक्यापेक्षा ओबद्याला गेलेल्या पत्राजवळ थांबेन. आलेफ की वाव हा वाद तिथे उद्भवत नाही. दुसरा आपल्याविषयी खोटे बोलतो म्हणून आपण त्याच्याविषयी खोटे बोलायचे नाही, एवढी एकच कसोटी तिथे आहे, आणि ती कोणत्याही हस्तलिखितात बदललेली नाही.