पद्मिनीचा साजशृंगार

जुन्या लोखंडाने आमच्या जालन्यात फार दिवस एका जागी उभं राहू नये. गावाभोवती रोलिंग मिल आणि भट्ट्या. मोडक्या खाटेपासून म्हाताऱ्या ट्रकपर्यंत जे सापडेल ते इथं वितळतं, आणि सळई होऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसतं. ‘जालना सोने का पालना’ असं म्हणतात ते खरं असेल. पण लोखंडाच्या बाबतीत तो पाळणा नाही, स्मशान आहे. फार तर पुनर्जन्माची सोय असलेलं स्मशान म्हणा.

त्यामुळे आमच्या वडिलांची १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी लिंबाच्या झाडाखाली अकरा वर्षं उभी राहिली, तेव्हा भंगारवाला दर दिवाळीला नातेवाइकाच्या मायेने चौकशीला येऊ लागला. “काय साहेब, काढायलात का औंदा?” असं तो मला विचारी, पण नजर गाडीवर. खाटीक बोकडाकडे बघतो ना, तशी. नऊशे किलोच्या आतबाहेरचा ऐवज होता!

अशात एके दिवशी भाचा आला आणि म्हणाला, “मामा, गाडी मला द्या. मी तिचं मस्त मॉडिफिकेशन करतो.”

मला भंगारवाला बरा वाटला.

याला कारण आहे. गेली तीस वर्षं मी पुस्तकांची परीक्षणं लिहितो. ‘सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती’ हे शब्द मुखपृष्ठावर दिसले की माझ्या पोटात गोळा येतो. कारण आवृत्ती वाढवलेली नक्की असते, सुधारलेली क्वचित. मोटारींचंही तेच.

आता हेच बघा. लग्नसराईत आपल्याकडे नवरदेवासाठी भाड्याने मिळणारी ती ‘व्हिंटेज’ गाडी तुम्ही पाहिली असेल. मूळची बिचारी पद्मिनी किंवा अँबेसेडर. तिचं टप कापून टाकायचं, अंगावर पत्र्याची मोठमोठी मडगार्डं चढवायची, कडेला एक खोटी स्टेपनी अडकवायची, कंदिलाएवढे दिवे लावायचे आणि १९३० सालची म्हणून मिरवायची. पन्नाशीच्या बाईने चाळिशीची दिसण्यासाठी खटपट केली तर ते मी समजू शकतो. पन्नाशीच्या बाईला जबरदस्तीने नव्वदीची करणं हा कुठला शृंगार?

शिवाय यात शास्त्राचाही भाग आहे. या दोन्ही गाड्यांना खाली वेगळा सांगाडा नाही. अंगाचा पत्रा हाच सांगाडा. छप्पर, दारांचे खांब, तळ, सगळं मिळून भार सोसतं. म्हणजे टप कापणं म्हणजे टोपी काढणं नव्हे, बरगड्या काढणं आहे. गाडी मग मधोमध वाकते. मी स्वतः एका वरातीत पाहिलंय : मंडपाशी गाडी थांबली आणि दार उघडेना. नवरदेव फेटा, तलवार आणि मुंडावळ्यांसह दारावरून उडी टाकून उतरले. कंबर गाडीची खचली होती, पण लंगडत बोहल्यावर गेले ते नवरदेव.

अर्थात ही हौस आजची नाही. १९१० साली कलकत्त्याच्या एका साहेबाने विलायतेत ब्रुक कंपनीची मोटार बांधून घेतली, ती चक्क हंसाच्या आकाराची. पुढे उंच मान. चोचीतून गरम पाण्याच्या वाफेचा फवारा उडायचा, म्हणजे रस्त्यातले लोक बाजूला व्हावेत. आणि हंस अगदी खरा वाटावा म्हणून मागच्या बाजूने चुन्याचे पांढरे ठिपके रस्त्यावर टाकायचीही सोय होती! हा हंस पुढे नाभाच्या महाराजांकडे गेला आणि आता नेदरलँड्समध्ये, हेगच्या एका मोटार-संग्रहालयात बसला आहे. अभिरुची म्हणाल तर शंभरात शून्य. पण त्या हंसाला मी माफ केलंय. तो जन्मापासून हंस होता. दुसऱ्या कुणा सभ्य गाडीचं डोकं उडवून तो झालेला नव्हता आणि त्याने कधी मोर असल्याचा दावाही केला नाही.

हे सगळं मी भाच्याला ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, “मामा, आई सांगते की तुम्हीपण एकदा केलं होतं मॉडिफिकेशन.”

बहिणींची स्मरणशक्ती ही वाईट गोष्ट आहे.

१९८६ साली मला पहिला पगार मिळाला आणि वडील आठ दिवस पुण्याला गेले होते. या दोन घटना एकाच वेळी घडायला नको होत्या. मी गाडी नेली आणि सजवून आणली. डॅशबोर्डवर वाघाच्या कातड्यासारखी मखमल. मागच्या काचेशी मान हलवणारा कुत्रा. स्टेअरिंगला लोकरीचं झबलं. ब्रेक दाबला की पेटणारा निळा बल्ब. गाडी मागे घेताना गाणं म्हणणारा हॉर्न. आणि बोनेटवर, दोन भोकं पाडून, एक चकचकीत विमान.

वडील परत आले. गाडीभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. मग म्हणाले, “कोणाची आहे?”

“आपलीच,” मी म्हणालो.

“बरं,” म्हणाले आणि घरात गेले. पुढच्या संकष्टीला ते राजूरच्या गणपतीला गेले ते एसटीने. त्याच्या पुढच्याही. बोलले काही नाहीत. तिसऱ्या संकष्टीच्या आदल्या रात्री मी कंदील घेऊन बसलो आणि विमानासकट सगळं उतरवलं. सकाळी ते खाली आले, गाडीकडे पाहिलं आणि खिशातून किल्ली काढली. म्हणजे किल्ली ते रोज खिशात ठेवत होते. माझ्या आयुष्यातलं पहिलं परीक्षण ते, आणि इतकं कडक परीक्षण मला अजून जमलेलं नाही.

तर भाच्याला मी गाडी दिली, पण एका अटीवर : मिस्त्री मी निवडणार. आमच्या मिस्त्रींनी पद्मिनीवरच उमेदवारी केलेली. भाच्याने यादी वाचली : मारुतीचं इंजिन, रुंद अलॉय व्हील, टपाला काच, काळा रंग. मिस्त्रींनी ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाले, “दादा, म्हाताऱ्या माणसाला चष्मा लावतेत. तोंड बदलतेत का?”

समीक्षेच्या मोठमोठ्या ग्रंथांत जे मला सापडलं नव्हतं ते असं गॅरेजात, टायरवर बसून सापडलं. गाडीला एक चेहरा असतो आणि काही व्याधी असतात. व्याधी बऱ्या कराव्यात, चेहऱ्याला हात लावू नये. पद्मिनी मुळात इटलीची. फियाटने १९६२ साली काढलेली ११०० डी, ती १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागली आणि सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ झाली. मागच्या बाजूला उगीच वाटतील न वाटतील असे दोन पंख, खिडकीला तिकोनी काच, स्टेअरिंगखाली गिअरची काठी, पुढे सलग बाकासारखी सीट. हा तिचा चेहरा. आणि डायनामो, पॉइंट, मिणमिणते दिवे, उन्हाळ्यात उकळणारं पाणी या तिच्या व्याधी.

कायदाही आता समीक्षक झालाय. कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली बजावलं. २०२१ साली केंद्राने नियम काढला : पन्नास वर्षांपुढची गाडी, सांगाडा, बॉडी आणि इंजिन मूळचं असेल तर वीस हजार रुपये भरून तिला ‘व्हीए’ अक्षरांचा मानाचा नंबर मिळतो. भाचा हरखला. पण पुढची ओळ अशी होती, की मग ती गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. राजूरच्या गणपतीला जाणं हे प्रदर्शनात बसतं की रॅलीत, याचा खुलासा नियमात नाही. दोन दिवस विचार करून भाचा म्हणाला, “मानाचा नंबर नको. आजीला बसता आलं पाहिजे.” आणि साधंच फेरनोंदणीचं प्रकरण करायला घेतलं. त्या दिवशी मला वाटलं, पोराला वाचता येतं.

काम सहा महिने चाललं. इंजिन तेच, १०८९ सीसीचं, बोअर करून नवे पिस्टन टाकलेलं. डायनामोच्या जागी आल्टरनेटर. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, पण डबा जुनाच. रेडिएटरला विजेचा पंखा. दिवे त्याच काचेआड, फक्त आता त्यांना रस्ता दिसतो. टायर रेडियल, पण रिम मूळच्या मापाच्या. रंगाचा प्रश्न आला तेव्हा मिस्त्रींनी डिकीच्या रबराखाली नखाने खरवडलं. चार थरांखाली फिकट आकाशी निघाला, वडिलांनी घेतली त्या दिवशीचा. तोच ठरला. पुट्टी भरताना डेंटरने विचारलं, “साहेब, बोनेटला ही भोकं कशाची?” मी म्हणालो, “उंदीर असतील.” तीही बुजवली. माझ्या समग्र साहित्यातला तेवढा भाग कायमचा गाळला गेला.

गाडी घरी आली. मी परीक्षणाच्या तयारीने वही घेऊनच उभा होतो. शेजारच्यांनी चारी बाजूंनी पाहिलं आणि हळहळले : “इतका पैसा घातला आणि केलं काहीच नाही?” भाच्याचा चेहरा पडला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. मी वहीत लिहिणार होतो ते याहून चांगलं नव्हतं.

मग आईला आणलं. शहाऐंशीची आहे, आता फारसं दिसत नाही. पुढच्या सीटवर बसवलं. ती बसली, पदर सावरला आणि न बघता डावा हात पुढे करून तिने ती तिकोनी काच बोटाने अचूक फिरवली, राजूरच्या रस्त्यावर फिरवायची तशी. वारा बरोबर चेहऱ्यावर आला. काही बोलली नाही. मीही वही मिटली.

मग भाच्याने वाकून तिला सीटचा पट्टा लावला. नवाच बसवलेला, वडिलांच्या वेळी हा प्रकार नव्हता.

“हे काय रे?” ती म्हणाली.

“पट्टा आहे आजी. आता लागतो.”

“तुझ्या आजोबांनी कधी बांधून नाही नेलं मला,” आई म्हणाली. “मी काय पळून जातेय?”