चकवाचांदण: साहेबाची शागिर्दी

मारुती चितमपल्लींचं ‘चकवाचांदण’ वाचताना सगळ्यात आधी नजरेत भरते ती त्यातली गुरूंची दाटी. वनाधिकाऱ्याचं आत्मचरित्र म्हटलं की बदल्या, बढत्या, वरिष्ठांशी उडालेले खटके अपेक्षित असतात. लेखकाचा जीव मात्र रमतो तो कुणी काय शिकवलं हे सांगण्यात. गिरण्यांच्या सोलापुरात १९३२ साली जन्मलेल्या या मुलाला झाडापाखरांची पहिली ओळख आईनं आणि लिंबामामानं करून दिली. पुढे दयानंद कॉलेज झालं, कोइमतूरला वनविद्येचं रीतसर शिक्षण झालं. शिकलेला माणूस इथून पुढे शिकवू लागतो. चितमपल्ली नोकरीत रुजू झाले आणि पुन्हा शिकायला बसले. कधी गोंड-माडियांपाशी, कधी पारध्यांपाशी, तर कधी ढीवरांपाशी.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. खाकीतला साहेब दिसला की रानातला माणूस गप्प होतो. सरपणाची मोळी असो की फासात सापडलेला तितर, साहेबाच्या वहीत तो गुन्हाच असतो. त्यात पारध्यांवर तर इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मतःच शिक्का मारलेला. कायदा १९५२ साली गेला, शिक्का अजून पुरता पुसलेला नाही. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. तारेच्या कुंपणाआड अशा जमाती डांबल्या ती जागा आपल्या शहरात आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखली जाते. त्याच सोलापूरचा एक अधिकारी आपल्या आयुष्याच्या कहाणीला पारध्यांनी एका घुबडाला दिलेलं नाव देतो. मला हे कृतज्ञतेचं फार मोठं कृत्य वाटतं.

नवेगावबांधची पानं मी सावकाश वाचते. तिथे त्या रानाचे जाणकार माधवराव पाटील डोंगरवार भेटतात. चितमपल्ली त्यांच्याबद्दल लिहितात तेव्हा वाक्यं आपोआप आखूड होतात, विशेषणं गळतात. ऐकणाऱ्यानं मध्ये बोलू नये, तसं हे गद्य वागतं. पाटलांनी काय दाखवलं, तळ्यावर काय दिसलं, एवढंच येतं. लेखक स्वतःला चौकटीबाहेर ठेवतो. ही मराठी निसर्गलेखनात सहसा न आढळणारी शिस्त आहे. आपल्याकडे रान दिसलं की लेखकाचं मनच आधी बोलू लागतं.

त्यांचा ‘पक्षीकोश’ याच शिस्तीतून आला. एकेका पाखराखाली शास्त्रीय आणि संस्कृत नावांच्या पंगतीला प्रदेशाप्रदेशातली, जमातींची नावं बसतात. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरचा आपला माळढोक काही भागांत ‘हूम’ असतो. विणीच्या दिवसांतली नराची घुमणारी साद ज्यांनी रोज ऐकली, त्यांनीच हे नाव ठेवलं असणार. अशा नावात निरीक्षण साठलेलं असतं.

एक तक्रार मात्र नोंदवते. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं यांच्यात चितमपल्ली पुष्कळदा रेघ ओढत नाहीत. पाखरांच्या सवयींची अचूक नोंद आणि त्यांच्याभोवतीची गूढ समजूत एकाच सुरात येतात. अभ्यासकाची इथे पंचाईत होते. तरी ज्यानं सांगितलं त्याची समजूत गाळून नुसती माहिती उचलणं त्यांना अप्रामाणिक वाटलं असावं, असं मी धरून चालते.

सांगणाऱ्याला मान द्यायचा हा प्रश्न एकट्या चितमपल्लींचा नाही. युगांडात जन्मलेल्या शिक्षणतज्ज्ञ कॅथरिन ओडोरा हॉपर्स यांनी दक्षिण आफ्रिकेच्या विद्यापीठांत हाच प्रश्न लावून धरला: लोकांकडचं ज्ञान संशोधनाचा कच्चा माल म्हणून उचलायचं, की त्या लोकांना ज्ञाते म्हणून बरोबरीनं बसवायचं? २००२ साली त्यांनी संपादित केलेला ग्रंथ देशी ज्ञानपरंपरांवरच आहे. त्यांनी हे सिद्धान्ताच्या भाषेत मांडलं, चितमपल्लींनी गोष्टीच्या.

२००६ साली सोलापुरातच भरलेल्या ७९व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद चितमपल्लींना मिळालं. २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरातच ते गेले. सन्मान पुष्कळ झाले. आता सोलापूरच्या आपल्या विद्यापीठानं त्यांना अभ्यासाला लावावं, आणि ते फक्त मराठीच्या वर्गात नको. शिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलांपुढे नवेगावबांधची पानं ठेवावीत, शेजारी ‘पक्षीकोश’ उघडून. आणि मग त्यांना वही घेऊन नान्नजच्या मेंढपाळांकडे पाठवावं.