भांड्यांवरचे वाङ्मय

अमेरिकेत म्हणे शनिवार-रविवारी लोक घरातली जुनी चीजवस्तू अंगणात मांडतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विकतात. आमच्या शिरोळात कुणी असं करून पाहावं! पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत गल्लीत बातमी फिरेल की जप्ती आली, आणि मी बँकेत कारकून असल्यामुळे लोक मलाच विचारतील, "किती थकलं होतं वो?" म्हणून आपल्याकडे जुनं बाहेर पडतं ते मागच्या दारानं. कपडे बोहारणीला, रद्दी रद्दीवाल्याला आणि पितळ मोडीला. खजिना शोधायचाच, तर तो या मोडीच्या ढिगात.

लोक तिथं तोलतात, मी वाचतो. दुकानदार म्हणतो, "अक्षरं वाचून काय करतायसा साहेब, वजन बघा की!" पण ओवी, अभंग, लावणी या सगळ्यांना समीक्षक मिळाले, भांड्यांवर कोरलेल्या मजकुराला का मिळू नये? तेव्हा हे काम एका कॉमर्सवाल्यानं अंगावर घ्यायला हरकत नाही.

या वाङ्मयाचे ढोबळमानाने तीन प्रकार. पहिला मालकीवाचक. आडनाव, फार तर दोन आद्याक्षरं, की संपलं. चेकवरच्या सहीइतकीच ही शैली कोरडी. पण हेतू स्वच्छ. लग्नाकार्यात वीस घरच्या पराती एकत्र झाल्या, तरी आपली आपल्याला परत मिळावी. तिसरा प्रकार स्मरणवाचक, 'कै. अमुक यांचे स्मरणार्थ'. यावर टीका करू नये, असा संकेत आहे.

खरा वाङ्मयीन प्रकार मधला, भेटवाचक. 'चि. सौ. कां. अमुक हिस मामांकडून सप्रेम भेट'. इथं कवीला जागेचा जाच फार. कळशीचा गळा आला की शब्द आवरावा लागतो. मग 'सप्रेम' पोटावर राहतं आणि 'भेट' बुडाशी जाते. जुन्या भांड्यांवरची अक्षरं छिन्नीनं ठोकलेली, टिंबाटिंबांची, आंधळ्यालाही बोटानं वाचता येतील अशी. पुढं विजेचं यंत्र आलं, स्टील आलं, आणि अक्षर डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं झालं.

या प्रकारातला मुख्य दोष म्हणजे देणाऱ्याचं नाव ठसठशीत आणि घेणारीचं बारीक. पुष्कळदा तिचं नसतंच. पण गुणही मोठा आहे. सुनेचं नाव बदलायची चाल होती त्या घरात तिचं नवं नाव रेशनकार्डाच्या आधी तपेलीवर येई. आणि जी बाई उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेत नसे, तिच्या तांब्यावर ते उघड कोरलेलं असे. रोज घासायची ती तीच.

एका घंगाळावर मी चक्क खाडाखोड पाहिली. आधीचं नाव ठोकून काढलेलं, शेजारी दुसरं. म्हणजे आलेला आहेर पुढं सरकवलेला! बँकेत याला आम्ही पृष्ठांकन म्हणतो. फरक इतकाच, की चेकच्या पाठीवर आधीच्या सह्या राहतात.

आता जी टीका करायची ती अलीकडच्या हौशी मंडळींवर. जुना पाण्याचा बंब विकत घ्यायचा, झळझळीत करून दिवाणखान्यात ठेवायचा, त्यात मनीप्लांट लावायचा. इथवर तक्रार नाही. पण त्याआधी त्यावरचं नाव यंत्रानं घासून काढतात. गिऱ्हाइकाला वस्तू वडिलोपार्जित पाहिजे, पण वडील दुसऱ्याचे नकोत!

शिरोळ तालुक्याला ही चैन परवडत नाही. कृष्णा-पंचगंगेचा संगम नृसिंहवाडीला, तालुक्यातच. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही साली पाणी घरात शिरलं. २०१९ च्या ऑगस्टात ते ओसरलं, तेव्हा कागद लगदा झाले होते, फोटो धुऊन गेले होते. चिखलातून निघालेल्या हंड्यावरचं नाव मात्र वाचता येत होतं. नंतर पैशाची नड निघाली तेव्हा त्यातलंच पितळ मोडीत गेलं. बाई शेवटी एकदा पदरानं अक्षरं पुसते आणि हंडा तराजूत ठेवते. दुकानदार घट धरतो. तिचा तो पदर कुठल्याच पावतीवर येत नाही.

पुण्यात दिनकर केळकरांनी जन्मभर दिवे, अडकित्ते, दौती, भांडी गोळा केली आणि १९७५ साली सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. संग्रहालयाला नाव दिलं ते अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं. अहमदाबादेजवळ विशाला इथं तर १९८१ साली भांड्यांचंच संग्रहालय निघालं. प्रत्येकाच्या कळशीला तिथं जागा मिळायची नाही. घसाऱ्याच्या हिशेबानं तिची पुस्तकी किंमत केव्हाच एक रुपयावर आलेली असते.

म्हणून एवढंच म्हणणं आहे, की जुनं भांडं जरूर घ्या, भावात घासाघीस करा, पोचे काढा, पण नाव घासू नका. ते परक्याचं असलं म्हणून काही आमटी कळकत नाही. माझ्याकडच्या तपेलीवर कुणाच्या तरी आत्याबाईंचं प्रेम अजून शाबूत आहे. मी फक्त कल्हई करून घेतली.