इमान आणि गोडवा

एखाद्या यंत्राचे रसग्रहण करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. कवितेचे रसग्रहण होते, चित्राचे होते, गवयाच्या गायकीचे तर होतेच होते. पण ज्या पेटीतून ती गायकी आपल्या कानी पडते त्या पेटीचे? ती बिचारी निरोप्या. निरोप्याने निरोप जसाच्या तसा पोहोचवावा, यापलीकडे त्याच्याकडून कोणाची काय अपेक्षा असणार? परंतु १९५५ ते १९६५ या सुमाराच्या व्हॉल्व्हच्या हाय-फाय रिसीव्हरांना अलीकडे जी प्रतिष्ठा आली आहे ती पाहिली, म्हणजे लोक या निरोप्यालाच ओवाळू लागले आहेत असे वाटते. फिशर, स्कॉट, मॅकिंटॉश ही नावे रसिक मंडळी अशा स्वरात उच्चारतात, की जणू ती गायकीची घराणीच. व्हॉल्व्हचा आवाज कसा गोड, कसा मऊ, कसा उबदार, ही स्तुती तर ठरलेलीच. ही स्तुती कितपत खरी आणि जिची स्तुती व्हावयाची त्या वस्तूला तिने न्याय मिळतो काय, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम शब्दांचे अर्थ उलगडून घेऊ. हाय-फाय हे ‘हाय फिडेलिटी’चे लाडके रूप. फिडेलिटी म्हणजे इमान. मूळ गाण्याशी, मूळ वाद्याशी यंत्राने राखलेले इमान. आणि रिसीव्हर म्हणजे नुसता रेडिओ नव्हे. रेडिओची स्टेशने पकडणारा ट्यूनर, तबकडीवरच्या सुईकडून येणारा क्षीण संदेश सांभाळून घेणारा प्रीॲम्प्लिफायर आणि स्पीकर हलविण्याइतके बळ देणारा ॲम्प्लिफायर, अशी तीन बिऱ्हाडे ज्या एकाच पत्र्याच्या सांगाड्यावर नांदतात तो रिसीव्हर. स्पीकर मात्र त्यात नसतात; ते वेगळे आणून जोडावयाचे.

आपल्याकडील वाचकाला व्हॉल्व्ह म्हटले की मर्फी किंवा फिलिप्सचा रेडिओ आठवेल. बटण फिरवून थोडा वेळ वाट पाहावयाची, काही संचांत हिरवा डोळा हळूहळू उजळावयाचा आणि मग कोठे आवाज यावयाचा. तो रेडिओ घरातल्या माणसासारखा होता यात शंका नाही. पण तो हाय-फाय नव्हता आणि तसा त्याचा दावाही नव्हता. मध्यम व लघु लहरींवरचे कार्यक्रम खरखर सोशीत एका स्पीकरमधून ऐकविणे एवढेच त्याचे काम. ज्या एफएम प्रक्षेपणावर अमेरिकेतले रिसीव्हर पोसले, ते भारतात मद्रासला १९७७ साली सुरू झाले. तोवर ट्रान्झिस्टरने व्हॉल्व्हची सद्दी संपविली होती. तेव्हा मर्फीच्या आठवणीचे माप या रिसीव्हरांना लावून चालणार नाही. आठवण गोड असली म्हणजे आवाज गोड होता असे ठरत नाही.

व्हॉल्व्हचे काम समजावयास सोपे आहे. काचेच्या निर्वात नळीत एक तापलेला भाग असतो. त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि समोरच्या पत्र्याकडे झेप घेतात. फ्लेमिंगने १९०४ साली केलेल्या नळीत एवढेच होते. ली डी फॉरेस्ट याने १९०६ साली मध्ये एक जाळी बसविली आणि सारे चित्र पालटले. शेतात पाटाचे पाणी वाहत असते. माणूस नुसत्या फावड्याने बांधाचे तोंड कमीजास्त करतो आणि एवढा मोठा प्रवाह त्याच्या हाताच्या इशाऱ्याने वागतो. जाळीवर येणारा दुबळा संदेश हा त्या फावड्यासारखा. पाणी त्याचे नव्हे, पण पाण्याने कसे वाहावे हे ठरविणारा तो.

या पाटाचे पाणी स्वच्छ करण्याचे श्रेय ज्या माणसाकडे जाते, त्याची कहाणी मात्र सुखाची नाही. एडविन आर्मस्ट्राँग हा न्यूयॉर्कचा इंजिनिअर. जुन्या पद्धतीच्या प्रक्षेपणात लहरीचा जोर कमीजास्त करून आवाज पाठवीत. आणि वीज चमकली, मोटार सुरू झाली, की तिचाही जोर त्यात मिसळून खरखर होई. आर्मस्ट्राँगने जोर तसाच ठेवून लहरीची कंपने कमीजास्त करण्याची युक्ती काढली. वाऱ्यावर कोणी गात असले तर त्याचा आवाज लहानमोठा ऐकू येईल, पण वारा त्याचा सूर बदलू शकणार नाही. युक्तीचे मर्म ते हेच. तिची पेटंटे त्याला १९३३ साली मिळाली. पुढे १९४५ साली अमेरिकन सरकारच्या आयोगाने एफएमचा पट्टाच हलविला आणि लोकांनी घेतलेले आधीचे संच निरुपयोगी झाले. बलाढ्य आरसीए कंपनीशी १९४८ पासून चाललेल्या दाव्यात त्याचा पैसा संपला, संसार विस्कटला आणि १९५४ च्या ३१ जानेवारीला त्याने आपले जीवन संपविले. त्याची पत्नी मॅरियन हिने मात्र लढा सोडला नाही. शेवटचा दावा तिने १९६७ साली जिंकला. त्या वेळी घरोघरच्या रिसीव्हरांत तिच्या नवऱ्याचीच युक्ती काम करीत होती. या यंत्रांच्या पिवळ्या दिव्याच्या शोभेवर लुब्ध होणाऱ्यांनी एवढा इतिहास विसरू नये.

स्टेशन स्वच्छ पकडले गेले, तरी पुढे ते मोठे करताना बिघडावयाचे नाही, ही दुसरी लढाई. येथे हॅरोल्ड ब्लॅक याचे नाव घ्यावयास हवे. १९२७ सालच्या ऑगस्टात, होडीने हडसन नदी ओलांडून बेल प्रयोगशाळेत कामाला जात असता त्याला एक कल्पना सुचली आणि हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच त्याने ती मांडली. ॲम्प्लिफायरमधून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत आणावयाचा, म्हणजे यंत्राने केलेली चूक यंत्राच्याच पदरी पडून बरीचशी पुसली जाते. गवई गाताना स्वतःचा सूर स्वतःच ऐकतो आणि सावरतो, तसेच हे. या तत्त्वाच्या बळावर इंग्लंडात हॅरोल्ड लीक याने १९४५ साली जो ॲम्प्लिफायर काढला, त्याचे नावच ‘पॉइंट वन’ असे ठेवले. कारण त्याची विकृती शेकडा ०.१ एवढीच होती. दोन वर्षांनी विल्यमसन या तरुण इंजिनिअरने ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात आपल्या ॲम्प्लिफायरचा आराखडा छापला आणि हौशी लोकांनी तो देशोदेशी घरी बसून बनविला.

या ठिकाणी क्षणभर थांबावे. आपल्या यंत्राचे नाव त्याच्या चुकीच्या मापावरून ठेवणारे हे लोक होते. यंत्राला स्वतःचा आवाज नसावा, ही त्यांची महत्त्वाकांक्षा. आणि आज त्यांच्या वारसांची आपण जी स्तुती करतो ती कोणती? तर, यांना स्वतःचा असा आवाज आहे ही! ज्या गोष्टीविरुद्ध ते झगडले तीच त्यांच्या गळ्यात हार म्हणून घालावयाची, यापरता अन्याय कोणता?

यावर कोणी म्हणेल, व्हॉल्व्हचा गोडवा शास्त्रसिद्ध आहे. व्हॉल्व्ह मूळ सुरात जी भर घालतो ती वरच्या सप्तकातल्या षड्जाची असते; कानाला ती बोचत नाही, उलट सूर भरल्यासारखा वाटतो. एकटा व्हॉल्व्ह काम करीत असेल तेथे हे बरेचसे खरे आहे. पण चांगल्या हाय-फाय रिसीव्हरात शेवटचे काम व्हॉल्व्हांची जोडी करते. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघीजणी एकच खुंटा धरून दळतात, एकीने ओढावे तेव्हा दुसरीने सोडावे, तशी ही जोडी. आणि या रचनेचा गुण असा, की तो वरचा षड्ज दोघांच्या कामात परस्पर खोडला जातो. उरते ती पंचमाची वगैरे थोडी भर, आणि तिलाही ब्लॅकची युक्ती दाबून ठेवते. म्हणजे ज्या मधाची चव घेऊन लोक तृप्त होतात, तो मध या पोळ्यात फारसा नसतोच.

मग तो मऊपणा येतो कोठून? काही अंशी आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून आणि स्पीकरवरच्या थोड्या सैल पकडीतून. काही अंशी जोर अपुरा पडला तरी यंत्र एकदम न फाटता जरा सावकाश हार मानते यातून. आणि पुष्कळदा, हे सांगताना भक्तांचा रोष पत्करावा लागतो, तो म्हातारपणातून येतो. साठ वर्षांत आतली कपॅसिटरे सुकतात, गळू लागतात. खर्ज ढिला होतो, वरचे सूर बोथट होतात, खालून गुणगुण ऐकू येऊ लागते. दात पडलेल्या आजोबांचे बोलणे मऊ लागते म्हणून त्यांच्या तारुण्यातली वाणीही तशीच होती असे कोणी म्हणेल काय? असाच रिसीव्हर जाणकाराकडून दुरुस्त करून घेतला, म्हणजे तो गोड होण्याऐवजी स्वच्छ होतो, आणि मालक कधी कधी चक्क खट्टू होतो. वास्तविक त्याने आपल्या वस्तूचा खरा आवाज त्या दिवशी प्रथमच ऐकलेला असतो.

त्या खऱ्या आवाजाचे उदाहरण म्हणून ॲव्हरी फिशर याचा ५००-सी हा रिसीव्हर घेऊ. फिशर हा पुस्तकांची मांडणी करणारा कलावंत आणि हौशी व्हायोलिनवादक. आपल्या घरी व्हायोलिन व्हायोलिनसारखे ऐकू यावे या हट्टातून तो या धंद्यात आला. १९३७ साली एक आणि १९४५ साली दुसरी, अशा कंपन्या त्याने काढल्या. साठीच्या मध्यात आलेल्या ५००-सीची दर्शनी पट्टी सोनेरी झाकेची, बटणे मोजकी, अक्षरे रेखीव. पुस्तकाचे मुखपृष्ठ करणाऱ्याचा हात तीत दिसतो. शेवटच्या कामाला ७५९१ जातीचे चार व्हॉल्व्ह, प्रत्येक बाजूस एक जोडी. स्टिरिओ स्टेशन लागले की एक छोटा दिवा आपण होऊन पेटतो. स्टिरिओ एफएमला अमेरिकेत १९६१ साली परवानगी मिळाली आणि त्यानंतर पाच-सहा वर्षांतच ट्रान्झिस्टरने बाजार काबीज केला. म्हणजे या जातीच्या रिसीव्हरांचे आयुष्य ते केवढे!

दुरुस्त स्थितीतला ५००-सी माणसाचा आवाज आणि तंतुवाद्ये यांत उत्तम. गाणारा समोर बसला आहे, त्याने श्वास घेतला तो कळतो, आणि तरी कोठे चकाकी चढविलेली नाही. ट्यूनर तर त्याहून सरस. पण दोष झाकून ठेवणे हे रसिकाचे काम नव्हे. मोठ्या, हट्टी स्पीकरांपुढे त्याचा खर्ज सैल पडतो. तीन बिऱ्हाडे एका सांगाड्यावर दाटीने बसविल्यामुळे तो भट्टीसारखा तापतो आणि ती उष्णताच त्याच्या सुट्या भागांचे आयुष्य खाते. जाहिरातींतले वॉट हे त्या काळी पुष्कळ कंपन्या क्षणभराच्या जोरावर मोजीत. सतत मिळणारा जोर त्याहून कमी असे. या प्रकाराला अमेरिकन सरकारने १९७४ साली नियम करून आळा घातला. आणि आजचा बऱ्यापैकी ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर मापाच्या काट्यावर यांना सहज मागे टाकतो, हेही निमूटपणे मान्य करावे.

फिशरने १९६९ साली कंपनी विकली आणि १९७३ साली न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक सभागृहाला एक कोटी पाच लाख डॉलर दिले. सभागृहाला त्याचे नाव मिळाले. गंमत अशी, की ज्याने जन्मभर आवाजाच्या इमानाची सेवा केली त्याचे नाव मिळाले ते अशा सभागृहाला, की जेथे आवाज नीट ऐकू येत नाही अशी १९६२ पासून तक्रार होती! ते आतून पाडून पुन्हा बांधावे लागले, आणि २०१५ साली तर दुसऱ्या देणगीदाराचे नाव त्यावर लागले. फिशरचे नाव आता राहिले आहे ते त्या सोनेरी पट्ट्यांवर.

मापात मागे पडलेल्या या वस्तूंचे मोल मग कशात? माझ्या मते, मोल त्यांच्या आवाजाइतकेच त्यांच्या मागच्या भूमिकेत आहे. ऐकणारा मनुष्य बसून ऐकणार आहे, तबकडीची एक बाजू संपेपर्यंत वीसेक मिनिटे उठणार नाही, हे त्यांनी गृहीत धरले होते. आणि वस्तू बिघडली तर उघडून दुरुस्त करता येईल, हेही. प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, हातांना सापडतो. व्हॉल्व्ह उपसून नवा बसविता येतो. ७५९१ चे उत्पादन मध्यंतरी थांबले होते. जुन्या यंत्रांना मागणी राहिली म्हणून रशियात व स्लोव्हाकियात ते पुन्हा सुरू झाले. साठ वर्षांपूर्वीच्या वस्तूसाठी सुटा भाग नव्याने घडविला जातो, हे भाग्य आजच्या किती वस्तूंच्या वाट्याला येईल?

म्हणून ज्याच्या घरी असा रिसीव्हर, किंवा त्याचा गरीब भाऊबंद असलेला व्हॉल्व्हचा रेडिओ, माळ्यावर असेल, त्याला दोन शब्द. तो पुसून थेट प्लगात खुपसू नये. वर्षानुवर्षे बंद असलेले कपॅसिटर एकदम विजेचा भार सोसत नाहीत; एक गळका कपॅसिटर व्हॉल्व्ह लाल करतो, आणि लाल झालेला व्हॉल्व्ह ट्रान्सफॉर्मर जाळतो. आत चारशेच्या आसपास व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ दबा धरून राहतात; तेव्हा पोराबाळांनी उघडून पाहावयाची ही वस्तू नव्हे. अमेरिकन संच १२० व्होल्टांचा असतो, हेही ध्यानात असावे. जुना कारागीर शोधावा, आतले सुकलेले भाग बदलून घ्यावेत. शोभेसाठी दिवाणखान्यात ठेवून दिलेला रिसीव्हर आणि कुलुपात ठेवलेला तंबोरा यांत फारसा फरक नाही.

आणि तो वाजू लागल्यावर गोडवा शोधीत बसू नये. ओळखीचे एखादे गाणे लावावे, घरातल्यांनी जवळ बसावे, आणि गाणाऱ्याचा शब्द, त्याचा श्वास, तबलजीचे बोट आपल्यापर्यंत पोहोचते की नाही एवढे पाहावे. पोहोचत असेल, तर निरोप्याने आपले काम केले. त्याच्या घडविणाऱ्यांना याहून अधिक प्रशंसा नको होती.